दहावी सेना आणि निमजचा नामदेव

सैन्याचा नंबर माणसांपेक्षा चिवट असतो. जर्मनीच्या ‘दहाव्या सेने’चंच बघा ना! १९१५ च्या जानेवारीत ती रशियाच्या आघाडीसाठी उभी राहिली. १९३९ मध्ये याच नावाची सेना पोलंडवर चालून गेली. मग तिचं नाव बदलून सहावी सेना झालं, आणि तीच पुढे स्टालिनग्राडला संपली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये इटलीत तिसऱ्यांदा दहावी सेना उभी राहिली. माणसं वेगळी, नंबर तोच.

या तिसऱ्या सेनेशी आपला, म्हणजे अगदी घरचा संबंध आहे.

आपण नाशिककर पुण्याला जाताना संगमनेरला चहाला थांबतो. त्या तालुक्यात निमज नावाचं गाव आहे. तिथला नामदेव जाधव पाचव्या मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होता. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या उंच बांधांवर जर्मन मशीनगन रोखलेल्या होत्या. हिवाळाभर आघाडी तिथेच अडून होती. सोबतचे जखमी झाले, तेव्हा नामदेवने त्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकटाच परत फिरला. हाताला गोळी लागून टॉमी गन चालवता येईना, तर ती टाकून हातबॉम्ब फेकत राहिला. तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा त्याचं वय होतं २३.

त्याच्या आदल्या जुलैत, टायबरच्या खोऱ्यात, माणगावजवळच्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे असाच लढला. तो मात्र परत आला नाही.

२ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन सैन्याने शस्त्रं ठेवली आणि दहाव्या सेनेचा नंबर कायमचा पुसला गेला.

आता कुणी म्हणेल, हे इंग्रजांचं युद्ध, आपलं काय त्यात? प्रश्न रास्त आहे. बेचाळीसचे सत्याग्रही इथे तुरुंगात असताना ही मुलं इंग्रजांच्या पगारावर लढत होती. पण दुष्काळी तालुक्यातल्या घराला त्या पगाराचा अर्थ काय होता, हे आपण पंख्याखाली बसून कसं ठरवणार? शिवाय समोर होती ती हिटलरची सेना. मला तरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. तुरुंगातलेही आपले, सेनिओच्या पाण्यातलेही आपलेच.

जर्मन सेनेच्या हालचालींवर जाडजूड ग्रंथ आहेत. आपल्याकडे ट्रंकेच्या तळाशी एखादं पदक, पेन्शनचा पिवळा कागद, फार तर एक फोटो. तुमच्याही घरात असं काही असेल, तर रद्दीत घालण्याआधी फोटोमागे निदान त्या माणसाचं नाव आणि गाव लिहून ठेवा. नंबर लक्षात ठेवणारे पुष्कळ आहेत. नाव मात्र आपल्यालाच जपावं लागेल.