मंडन-खंडनाची शाळा : मुंबई ते जबलपूर

सामाजिक किंवा राष्ट्रीय कार्याच्या बाजूने लिहून लोकांचे मत वळवण्याचे शिक्षण मराठी मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आकाराला आले. आधी पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे आणि मग त्याचे खंडन करून आपला पक्ष सिद्ध करायचा, ही शास्त्राध्ययनातली रीत जुनीच होती. पण ती पाठशाळेतल्या पंडितांपुरती आणि संस्कृतात चालणारी होती. छापखाना, नव्या शाळा आणि वृत्तपत्रे आल्यावर मंडन-खंडन मराठीत लिहिले जाऊ लागले आणि विद्यार्थ्यांच्याही हाती आले. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ही परंपरा मुंबई-पुण्याहून नागपूरला आणि तिथून हिंदीच्या रूपाने जबलपूरला पोहोचली.

या शिक्षणाची पहिली संघटित सोय मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाली. प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 1848 मध्ये तिथे ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. त्याच वर्षी देशी भाषांत काम करणाऱ्या तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभाही निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. सभासदाने निबंध लिहून आणायचा, तो सभेपुढे वाचायचा आणि इतरांनी त्यावर चर्चा करायची, अशी पद्धत होती. लिहिणाऱ्याला श्रोते समोर दिसत, त्यांच्या शंका तिथेच ऐकाव्या लागत. 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकामुळे अशा लेखनाला सभेबाहेरचा वाचकही मिळू लागला. चर्चा नुसती चर्चा राहिली नाही. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या या तरुणांनी 1849 मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या आणि त्यांत स्वतः शिकवले.

पुण्यात हे शिक्षण ज्यांना अक्षरओळखच नाकारली होती त्यांच्यापर्यंत गेले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. तिचे शिक्षण तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाले होते. तरीही निबंधाची मांडणी पक्की आहे. वेदांवर फक्त ब्राह्मणांचा अधिकार आहे, हा प्रतिपक्षाचा दावा ती आधी मान्य करून टाकते आणि मग विचारते की तसे असेल तर ज्यांना धर्मग्रंथच नाही त्यांचा धर्म कोणता. त्यानंतर पुरावा येतो: पेशवाईतील अत्याचार, इमारतींच्या पायात माणसे गाडण्याची प्रथा, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल. शेवटी ती आपल्याच समाजाकडे वळून शिक्षण घेण्याचे आवाहन करते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यावरच उलटवणे, पाहिलेले-ऐकलेले दाखले देणे आणि वाचकाने काय करावे हे स्पष्ट सांगणे, ही तिन्ही अंगे या छोट्या निबंधात आहेत. विषय मात्र कोणी नेमून दिल्यासारखा नाही. तो लिहिणारीच्या जगण्यातून आलेला आहे.

मराठी निबंधाला ठसठशीत वळण दिले ते विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी, आणि तेही पेशाने शिक्षक होते. त्यांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. प्रतिपक्षाचे विधान उचलायचे, त्याचे तुकडे करायचे आणि उपरोधाने ते निकालात काढायचे, ही त्यांची शैली पुढच्या पिढीने गिरवली. सरकारी नोकरी सोडून त्यांनी टिळक आणि नामजोशी यांच्या साथीने 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकरही लवकरच त्यांना येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. दिवसा वर्गात शिकवणारी माणसेच अग्रलेख लिहीत असल्याने शाळा आणि छापखाना यांच्यात फारसे अंतर उरले नाही. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आगरकर वेगळे झाले आणि त्यांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू केला. वाक्याचे पृथक्करण शिकवणारे पुस्तकही त्यांनीच लिहिले. त्यांच्या लेखांतली कारणांची काटेकोर साखळी आणि व्याकरणाची ही शिस्त एकाच स्वभावाची आहेत. चिपळूणकरांच्या आवेशाबरोबर मराठी विद्यार्थ्यापुढे आता तर्काचाही नमुना होता.

पुण्याचा हा वारसा नर्मदेकाठी जाण्याला प्रशासकीय कारणही होते. जबलपूर 1817 पर्यंत मराठ्यांच्या ताब्यात होते. 1861 मध्ये मध्य प्रांत बनला तेव्हा मराठी बोलणारे नागपूर आणि हिंदी बोलणारे जबलपूर एकाच कारभाराखाली आले. दोन्ही भाषांत सहज वावरणारा सुशिक्षित वर्ग या प्रांतात तयार झाला आणि माधवराव सप्रे त्यातलेच. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे 1871 मध्ये मराठी कुटुंबात जन्मलेल्या सप्रे यांनी लेखनासाठी हिंदी निवडली. 1900 मध्ये पेंड्राहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. 1906 मध्ये नागपुरात ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू करून स्वदेशी आणि बहिष्कार यांवरचे टिळकांचे प्रतिपादन त्यांनी हिंदी वाचकांपुढे आणले. 13 एप्रिल 1907 रोजी त्यांचे ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक निघाले. त्याने ‘केसरी’चे विचार आणि त्याची लढाऊ वाक्यरचना हिंदीत नेली.

शाळांवर मात्र याच सुमारास बंधने आली. 1907 च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांवर टाकली. ती न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान धोक्यात येई. देशातला सर्वांत तापलेला विषय वर्गातल्या निबंधाला वर्ज्य झाला. त्या वेळी निबंधाचा गुरुजी झाला तो संपादक. 1908 मध्ये ‘हिंदी केसरी’ने राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली. तिच्यात पहिला क्रमांक मिळाला खंडव्याच्या माखनलाल चतुर्वेदी या तरुण शिक्षकाला. 1889 मध्ये जन्मलेल्या माखनलालांनी तेव्हा विशीही ओलांडलेली नव्हती. विषय ठरवून देणे, बाजू घ्यायला लावणे, लेखन तपासणे आणि चांगल्या लेखकाला पुढे आणणे, ही शिक्षकाची सगळी कामे या स्पर्धेत एका वृत्तपत्राने केली.

त्या वर्षीच दडपशाही वाढली. जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या दबावामुळे माफी मागून ते सुटले. ‘हिंदी केसरी’ बंद पडले आणि सप्रे काही काळ सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. या काळातले त्यांचे मोठे काम भाषांतराचे आहे: समर्थांचा ‘दासबोध’ आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. महाराष्ट्रात विष्णु गोविंद विजापूरकर यांचे तळेगावचे समर्थ विद्यालय हा राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोगही 1910 मध्ये सरकारने बंद पाडला. माखनलाल 1913 मध्ये खंडव्याच्या ‘प्रभा’ मासिकाचे संपादक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली.

स्पर्धेतून सुरू झालेले हे नाते जबलपुरात फळाला आले. सप्रे आणि विष्णुदत्त शुक्ल यांच्या पुढाकाराने 17 जानेवारी 1920 रोजी तिथून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले आणि संपादकपद माखनलालांकडे आले. जबलपूर ही लष्करी छावणीची आणि तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्याची वसाहत. तिथे सरकारविरोधी पत्र काढणे सोपे नव्हते. परवानगीच्या अर्जात पत्राचा हेतू पोटापाण्याचा आहे असे सौम्य कारण लिहिलेले होते, पण माखनलालांनी तो अर्ज पुढे केलाच नाही आणि इंग्रजी राज्य थबकावे असे पत्र काढायचे आहे, असे गोऱ्या न्यायाधिकाऱ्याला तोंडावर सांगितले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. हा स्पष्टपणा आवडून अधिकाऱ्याने परवानगी दिली, असेही त्या हकिकतीत येते. ‘कर्मवीर’च्या कचेरीत नव्या लेखकांची पिढी घडली. लक्ष्मणसिंह चौहान संपादनात मदतीला होते. त्यांच्या पत्नी, कवयित्री सुभद्राकुमारी चौहान याही जबलपूरच्या चळवळीत उतरल्या. 1921 मध्ये माखनलालांना राजद्रोहासाठी तुरुंगवास झाला. 1923 चा झेंडा सत्याग्रह जबलपुरातूनच सुरू होऊन नागपूरला पोहोचला. 1925 मध्ये ‘कर्मवीर’ खंडव्याहून निघू लागले आणि पुढच्या वर्षी सप्रे यांचे रायपूर येथे निधन झाले.

कचेरीत उमेदवारी करून शिकण्याच्या या पद्धतीला पुढे संस्थेचे रूप आले. पत्रकारितेचे स्वतंत्र शिक्षण हवे, ही मागणी माखनलालांनी 1927 मध्ये भरतपूरच्या संपादक संमेलनात मांडली होती. 1990 मध्ये भोपाळला त्यांच्या नावाने पत्रकारिता विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी 1984 मध्ये तिथेच सप्रे यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय उभे राहिले आणि जुन्या नियतकालिकांचा मोठा साठा अभ्यासकांना खुला झाला.

महाराष्ट्रातील शाळांत मंडन-खंडन आज वैचारिक निबंध, वादविवाद आणि वक्तृत्व स्पर्धा यांतून शिकवले जाते. दहावीच्या उपयोजित लेखनात मागणीपत्र आणि विनंतीपत्रही असते, आणि त्यात समोरच्याला आपली गरज पटवून द्यावी लागते. प्रतिपक्ष ओळखणे, कारणे क्रमाने देणे आणि शेवटी मागणी नेमकी करणे, ही जुनी सूत्रे त्यांत टिकून आहेत. फरक वाचकाचा आहे. 1848 च्या निबंधापुढे सभा होती, मुक्ताच्या निबंधापुढे तिला माणूस न मानणारा समाज होता आणि 1908 च्या निबंधामागे राजद्रोहाच्या खटल्याची भीती होती. परीक्षेतल्या निबंधाचा वाचक बहुधा परीक्षक असतो. म्हणून शाळेतले विनंतीपत्र खरोखर नगरपालिकेला पाठवले जाते किंवा निबंध गावच्या सभेत वाचला जातो, तेव्हा हे शिक्षण आपल्या मूळ रूपाच्या सर्वांत जवळ येते.