कोरेगावचा स्तंभ आणि आपली माणसं

भीमेकाठी कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तिथल्या विजयस्तंभावर धारातीर्थी पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यात ‘नाक’ लागलेली २२ नावे आपल्या महार पूर्वजांची. गावाला ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांची नावे दगडावर राहिली! पण त्याच इंग्रज सरकारने पुढे १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभारली, १९२१ ला मोडली. १ जानेवारी १९२७ ला पूज्य बाबासाहेब स्तंभाशी आले. १९४१ ला बेळगावी महार रेजिमेंट उभी राहिली. आम्ही दरवर्षी फुलं वाहतो अन् परततो. बंधू-भगिनींनो, आता ती नावे मोठ्यानं वाचू या. आपल्या गावातून पलटणीत गेलेल्यांची नावेही विहाराच्या वहीत लिहू या.