गावचा की गावात राहणारा?

दिवाळीत आमच्या पोंभुर्ण्याला कोणी नवखा पाहुणा आला, की फराळाच्या ताटाआधी प्रश्न पुढे येतो, "तुम्ही कुठचे?" प्रश्न साधाच, पण त्याच्या पोटात दुसरा दडलेला असतो : हा गावचा, की नुसता गावात राहणारा? हा भेद प्राचीन ग्रीसमधील अथेन्सकरांनी चक्क दगडावर कोरून ठेवला आहे.

अथेन्स म्हटले की सॉक्रेटिस आठवतो. परंतु तेथील सामान्य संसार आपल्याला फारसा परका वाटू नये. रात्री मातीच्या, चोच काढलेल्या दिव्यात ऑलिव्हचे तेल जळे. चूल ही घराची देवता. नवी नवरी आली, की तिला चुलीपाशी बसवून तिच्यावर अंजीर आणि सुका मेवा उधळीत. गंमत अशी, की विकत आणलेल्या गुलामाचेही पहिल्या दिवशी असेच स्वागत होई! आणि अतिथीचा पाठीराखा तर साक्षात देवराज झ्यूस.

घराचा उंबरठा असा उदार. नगराची वेस मात्र कडक. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यास 'मेटिक' म्हणत. त्याला नागरिकाचा जामीन लागे. पुरुषाला वर्षाकाठी 12 द्राख्मा कर पडे. खास परवानगीवाचून घर वा जमीन घेता येत नसे, आणि लोकसभेत त्याला स्थान नव्हते. इ. स. पू. 451 मध्ये पेरिक्लीजने कायदा केला, की आई व बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. म्हणजे मेटिकाचा नातू तिथेच जन्मला, तरी मेटिकच!

त्याच शतकाच्या अखेरीस अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर एरेख्थेइऑन नावाचे मंदिर बांधले गेले. त्याचे हिशेब शिलालेखांत उरले आहेत. नागरिक, मेटिक आणि गुलाम तेथे खांद्याला खांदा लावून राबत होते. पुष्कळ कामांत रोजची मजुरी सर्वांना सारखीच, एक द्राख्मा. पण नागरिकाचे नाव 'अमुक पेठेचा' असे येते. मेटिकाचे, 'अमुक पेठेत राहणारा'. मजुरी एक, मान निराळा!

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. ग्रीकांपैकी 'आयोनियन' लोकांच्या नावावरून आपल्याकडे 'योन' आणि 'यवन' हे शब्द आले. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यात, सुमारे 1900 वर्षांपूर्वी, दात्यांची नावे कोरली गेली. धेनुकाकट नगराचा गंधी सिंहदत्त दार देतो. त्याच नगराचा यवन सिंहध्वज खांब देतो. गावाचे नाव दोघांनाही एकाच रीतीने जोडले आहे. नावे अशी देशी, की हे खरोखर ग्रीक होते काय, अशी शंका काही विद्वान घेतात. जुन्नरला एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. नाशिकला उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त योनकाने आईबापांच्या पुण्यार्थ लेणे व टाकी खोदविली. आल्या ठिकाणी त्यांनी पाणी दिले, जेवायला जागा दिली.

म्हणून आपण फुशारून जाण्याचे मात्र कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही वेशीबाहेरच ठेवलेली माणसे आपल्याही गावांत होती. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या या रानमुलखात तेलंगणातून आणि बंगालातून आलेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले येथेच शिकली, येथेच नांदली. त्यांना आपण किती दिवस 'राहणारे' म्हणणार?

लक्ष्मीपूजनाला आपण ज्याला 'दाम' म्हणतो, तो शब्दही मूळचा त्या द्राख्मातूनच आला. द्राख्माचा द्रम्म झाला आणि द्रम्माचा दाम. त्याला कधी कोणी "तू कुठचा?" असे विचारले नाही, सरळ पाटावर बसविले. दारी येणाऱ्या माणसालाही यंदा तेवढा मान द्यावा.