कापसाचा पैसा कुणाच्या पदरात पडला?

व्यापार म्हटलं की आपल्याला बाजार, अडत, मालाच्या गाड्या असंच आठवतं. पण व्यापार घराच्या आतही येतो. घरात कोण कोणतं काम करणार, पैसा कुणाच्या हातात राहणार, ताटात काय पडणार, हे सगळं तो बदलून टाकतो. आज आम्ही तुम्हाला कापसाच्या व्यापाराची दीडशे-पावणेदोनशे वर्षांची गोष्ट सांगणार आहोत. आपल्यापैकी कितीतरी जणी आजही कापूस वेचायला जातात, तेव्हा हा इतिहास आपलाच आहे.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडातला बराच कापूस गावातच वापरला जाई. बाया रेच्यावर सरकी काढत, कापूस पिंजून आणला की पेळू करत आणि चरख्यावर सूत कातत. ते सूत कोष्टी विकत घेत. हे काम घरी बसून, स्वयंपाकपाणी आणि लेकरं सांभाळून करता येई. विधवा बाईला, म्हाताऱ्या बाईला त्याचा मोठा आधार होता. कमाई थोडीच, पण ती तिच्या हातची.

उरलेला कापूस बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. शेकडो मैलांची ही वाट. कापूस धुळीने मळायचा, पावसात भिजायचा. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या मालाला आपोआपच मर्यादा होती.

मग विलायतेहून गिरणीचं सूत आलं. ते स्वस्त होतं, एकसारखं होतं. त्याच्यामागोमाग गिरणीचं कापडही आलं. कोष्टी अडचणीत आले, पण त्यातले काही जण तेच स्वस्त सूत घेऊन माग चालवत राहिले. सूत कातणाऱ्या बाईला मात्र असा दुसरा रस्ता नव्हता. तिचं दुकान नव्हतं, वहीखातं नव्हतं. तिचा चरखा घरातल्या घरात बंद पडला. व्यापाराचा पहिला घाव कुणावर बसला असं विचाराल, तर तो या बाईवर बसला.

आता १८६१ सालाकडे येऊ. त्या वर्षी अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण भागांत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या कापड गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि तो कापूस थांबला. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढले. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात कपाशीखालची जमीन १८६० ते १८६४ या चार वर्षांत दुप्पट झाली. मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसा देत, सावकार तो शेतकऱ्यांना देत. कापूस लाव म्हटलं की उचल तयार.

मुंबईत तर पैशांचा पूर आला. शेअर बाजारात लोक वेड्यासारखे पैसे लावू लागले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ही त्याच काळातल्या श्रीमंतीची खूण आहे. कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि टॉवरला आपल्या आईचं नाव दिलं.

१८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली. तिथला कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला आणि आपल्याकडचे भाव कोसळले. मुंबईतल्या कंपन्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदही बुडाले. गावाकडे काय झालं? सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. भाव खाली गेला, सारा वर गेला, कर्ज मात्र जागच्या जागी राहिलं.

जागच्या जागी तरी कुठे राहिलं म्हणा! कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची असे. मुदत संपत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहायचा आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चालू. लिहिणारा सावकार, अंगठा शेतकऱ्याचा. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. पैसे फेडले तरी पावती मिळत नव्हती.

१२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा राग होता त्या न वाचता येणाऱ्या कागदावर.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा केला. कोर्टाला रोख्यामागचा जुना व्यवहार तपासता येऊ लागला. पैसे भरल्यावर पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. आज आपल्या गटात प्रत्येकीच्या हातात पासबुक असतं. ते साधं दिसतं, पण त्यासाठी कधीकाळी रान पेटलं होतं, हे ध्यानात ठेवू या.

इकडे विदर्भात रेल्वे आली. १८६७ साली ती नागपूरला पोचली, १८७० साली खामगावच्या कापूस बाजाराला फाटा मिळाला. जीन आणि प्रेस उभे राहिले. गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या. १८७७ साली नागपुरात कापडाची मोठी गिरणी सुरू झाली. बंजाऱ्यांचा धंदा गेला. घरी सरकी काढणाऱ्या बाया आता जिनात मजुरीला जाऊ लागल्या. रोजी रोख मिळे, पण कामाची वेळ भोंग्याची आणि दर मालकाचा.

शेतातही बदल झाला. ज्वारीच्या जागी कपाशी वाढली. पैसा खेळू लागला, पण घरातली कणगी रिकामी होऊ लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा ज्वारी महागली. रेल्वेने धान्य येऊ शकत होतं, पण विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. दुष्काळी कामांवर बायाही खडी फोडायला गेल्या.

मग व्यापार वाईट का? तसं आम्ही म्हणत नाही. कापसाने विदर्भात बाजारपेठा, शहरं, रोजगार आणले. प्रश्न एवढाच की भाव कुठे ठरतो हे कुणाला कळतं, कागद कुणाला वाचता येतो आणि आलेला पैसा कुणाच्या हातात राहतो. त्या काळी या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याकडे नव्हत्या, आणि बाईकडे तर अजिबात नव्हत्या.

म्हणून येत्या बैठकीत तीन कामं करू या. आपण जे पिकवतो किंवा बनवतो, त्याचा भाव तीन ठिकाणी विचारून वहीत लिहू. कोणत्याही कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तो गटात मोठ्याने वाचून घेऊ. आणि वेचणीची मजुरी, दुधाचे पैसे, पापडाचे पैसे, जे काही बाईच्या कष्टाचं आहे, ते तिच्या नावावर लिहू. सूत कातणाऱ्या त्या बायांचा हिशेब कुणी ठेवला नाही. आपला आपण ठेवू.