मात्रा आणि मर्यादा

रोग्याचे प्राण राखणारें औषधच त्याची श्रवणशक्ति हिरावून नेऊं शकतें. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराच्या चिकित्सेचा इतिहास पाहिला म्हणजे याची साक्ष पटते.

न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीनें १९३८ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. यांत फुप्फुसांतील कफ घट्ट व चिकट होतो, त्यांत जंतु ठाण मांडतात आणि श्वास कोंडत जातो. त्या काळीं बहुतेक रुग्ण बालपणींच दगावत. १९४६ सालीं अँडरसन व डॉ. पॉल दि सांताग्नीझ यांनीं पेनिसिलिनचा फवारा श्वासावाटें देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हां कोठें आशा वाटूं लागली.

परंतु स्यूडोमोनस नांवाचा चिवट जंतु पेनिसिलिनला दाद देईना. त्यावर १९६३ सालीं उजेडांत आलेलें जेंटामायसिन व त्यामागून आलेलें टोब्रामायसिन हीं औषधें लागू पडलीं. आंतड्यांतून तीं शोषलीं जात नाहींत, म्हणून शिरेंतून द्यावीं लागतात. तथापि तीं मूत्रपिंडांस व आंतल्या कानांतील सूक्ष्म पेशींस इजा करूं शकतात, आणि कानांतील त्या पेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत. मात्रा कमी करावी, तर या रुग्णांचें शरीर औषध लवकर बाहेर टाकतें, त्यामुळें उलट अधिकच द्यावें लागतें. शिवाय फुप्फुसांचा विकार उसळला कीं उपचार पुन्हां आरंभावे लागतात.

आयुष्यच तोकडें होतें, तोंवर कानांची चिंता कोण करणार? रुग्ण प्रौढपणापर्यंत जगूं लागले, तसा हा प्रश्न निकडीचा झाला. रक्तांतील औषधाचें प्रमाण मोजावें, मूत्रपिंडांचें कार्य व श्रवण तपासावें, अशी शिस्त पडत गेली. आईकडून येणाऱ्या एका विशिष्ट जनुकीय भेदामुळें अल्प मात्रेनेंहि बहिरेपण येऊं शकतें, हें १९९३ सालीं उघड झालें. अशा घराण्यांत बहिरेपणाची चौकशी आधीं करणें म्हणूनच हिताचें.

पूर्वीं हें औषध दिवसांतून तीन वेळां देत. ब्रिटनमधील २१ केंद्रांनीं या पद्धतीची तुलना दिवसांतून एकदांच औषध देण्याशीं केली आणि २००५ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. टोब्रामायसिनचा दिवसाचा सारा हिस्सा एकदम दिला तरी फुप्फुसांस तितकाच गुण येतो, आणि मुलांच्या मूत्रपिंडांस इजा कमी होते, असें दिसून आलें. नवें औषध न शोधतां, केवळ वेळेचा विचार केल्यानें हा लाभ झाला. उपचारांच्या काळांत वारंवार रक्त काढलें जातें, त्यास घरच्या मंडळींनीं कंटाळूं नये. लेंकराचा कान त्या मोजमापावर अवलंबून असतो.