परभणी ते कूपरेज

फुटबॉलचा सामना कसा पाहावा, असे कोणी विचारले की मी आधी मैदानाची वाट सांगतो. मुंबईस चर्चगेट स्टेशनाबाहेर पडावे आणि महर्षी कर्वे रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागावे. डाव्या हाताला ओव्हल मैदान लागते, त्यापलीकडे राजाबाई टॉवर दिसतो. ओव्हल संपले, की बँडस्टँडची बाग आणि तिच्या लगतच कूपरेज. पायी दहा-पंधरा मिनिटे. मी मात्र तेथे पहिल्यांदा पोचलो तो परभणीहून, १९५४ साली, वयाच्या दहाव्या वर्षी. आणि ती वाट पुष्कळच लांबची होती.

तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. आमच्या गावावरून जाणारी लहान रुळांची गाडी मनमाडपर्यंत यायची. तेथे उतरून मोठ्या रुळांवरची मुंबईची गाडी धरायची. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खिशात थोडा हाली सिक्का होता. निजामाच्या राज्याचे हे नाणे राज्य गेल्यावरही काही वर्षे आमच्याकडे चालत होते, पण मुंबईच्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग? दादांनी ती नाणी रुमालात वेगळी बांधून ठेवली होती. कामासाठी आलो होतो. सामना पाहणे हा मी धरलेला हट्ट होता.

कूपरेज या नावाची गंमत तेव्हा मला ठाऊक नव्हती. लाकडी पिंपे बनवणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात. जहाजांना लागणारी पिंपे एकेकाळी या भागात बनत, म्हणून हे नाव. पिंपे गेली, नाव राहिले, आणि त्या नावाला कीर्ती मिळाली ती रोव्हर्स चषकामुळे. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटने चषक जिंकला आणि पुढे कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींतच फिरत राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा कोठे पहिल्यांदा एका हिंदी संघाचे नाव त्यावर कोरले गेले. आणि १९५० पासून तर नवलच झाले. हैदराबाद सिटी पोलिस या संघाने ओळीने पाच वर्षे, १९५० ते १९५४, चषक दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही.

आता वाचकांनी क्षणभर मराठवाड्यातल्या माणसाच्या जागी उभे राहावे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्याआधीचे वर्ष आमच्याकडे रझाकारांचे वर्ष म्हणून ओळखले जाते. गावे ओस पडली, माणसे वऱ्हाडात आणि मुंबई इलाख्यात पळाली. दादाही सीमेपलीकडच्या एका छावणीत काही महिने होते. अशा माणसाच्या कानांवर ‘हैदराबाद’ आणि ‘पोलिस’ हे दोन शब्द जोडून पडले, तर त्याच्या मनात टाळी वाजवण्याचा विचार कसा येईल? त्या गोष्टीला तेव्हा पुरती सहा वर्षेही झाली नव्हती.

पण मी दहा वर्षांचा. माझ्या लेखी हैदराबाद म्हणजे आमचे राज्य, आणि आमच्या राज्याचा संघ म्हणजे आमचा संघ!

आम्हाला जागा मिळाली ती मधल्या रेषेच्या जवळ, थोडी उंचावर. शेजारी काळी टोपी घातलेले गिरगावचे एक गृहस्थ होते. सामना पाहण्याचे जे काही शास्त्र मला येते, त्याचा श्रीगणेशा त्यांनी केला. ते म्हणाले, “बाळ, चेंडूकडे बघत बसू नकोस. चेंडू काय, सगळेच बघतात. ज्याच्या पायात चेंडू नाही तो कोठे पळतो, ते बघ.”

मी पाहू लागलो, आणि हिरव्या मैदानावर एकदम रेघा दिसू लागल्या. एकाने चेंडू दिला की तो थांबत नसे, मोकळ्या जागेत धावे; दुसरा एका ठोशात चेंडू तिसऱ्याला देई. उंच फटके थोडे, चेंडू बहुधा गवतालगत. यामागे ज्यांचे डोके होते ते सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर. १९४३ पासून ते या संघाचे शिक्षक होते. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यांत चेंडू पायाशी घोळवीत पुढे न्यायला मनाई. काही स्पर्धा तर अशा, की ज्याचा जो पाय कच्चा त्यानेच त्याने खेळायचे. मास्तरकी ती हीच! नूर महंमद आणि अझीझुद्दीन यांच्यासारखे त्यांच्या हाताखालचे खेळाडू हेलसिंकी आणि मेलबर्न या दोन्ही ऑलिंपिकांत देशासाठी खेळले.

मध्यंतरात गिरगावकरांनी दादांना विचारले, “कोठले आपण?”

“परभणीचे.”

“म्हणजे हैदराबाद संस्थानातले! मग हा तुमचाच संघ की हो!”

दादा काही बोलले नाहीत. टोपी काढून त्यांनी ती पुन्हा नीट बसवली. मी मात्र फुशारकीने मान हलवली.

उत्तरार्धात हैदराबादच्या डाव्या बगलेवरून एक सुरेख चढाई झाली. तीन माणसे, चार ठोसे, आणि गोल! मी उडी मारली. सारी गॅलरी उठली. वळून पाहतो तो दादा बसलेलेच होते, पण त्यांचे हात हलत होते. ते टाळ्या वाजवीत होते. सावकाश, देवळात वाजवाव्यात तशा.

परतीच्या गाडीत मनमाड यायच्या आधी मी विचारले, “दादा, तो संघ आपलाच ना?”

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “ते मला अजून ठरवता आलं नाही. पण पोरं चांगली खेळली, बाळ. चांगल्याला चांगलं म्हणायला ठरवावं लागत नाही.”

पुढच्याच वर्षी, १९५५ साली, मोहन बागानने चषक कलकत्त्याला नेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. हैदराबाद आमच्यासाठी परराज्य झाले. पण त्याच १९५६ च्या अखेरीस रहीम यांनी तयार केलेला भारताचा संघ मेलबर्नला चौथा आला. हेलसिंकीत १९५२ साली युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्लेल्या देशाचा हा पराक्रम! तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा खेळाडू. १९६२ साली जाकार्तात भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, आणि पुढच्या वर्षी रहीम वारले. त्या बातमीने दादा दिवसभर गप्प होते. तेव्हा मला वाटले, की त्यांचे ठरले असावे.

रोव्हर्स चषकही आता राहिला नाही. २०००-०१ नंतर तो भरला नाही. कूपरेजवर खऱ्या गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ आली. फुटबॉलची खरी गर्दी पाहायची असेल, तर आज कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जावे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ तेथे खेळतात आणि पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. तेथे ‘आपला संघ कोणता’ हे पाळण्यातच ठरते. ठरवण्याचा त्रास कोणाला नाही, मात्र त्यापायी भांडणे होतात.

तेव्हा मुलाबाळांना घेऊन सामन्याला जाल, तर एवढे करा. वेळेआधी पोचा. जागा मधल्या रेषेजवळ, थोडी उंच अशी धरा. बिनचेंडूच्या खेळाडूकडे नजर ठेवा. आपला संघ हक्काने निवडा आणि त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. पण एक टाळी समोरच्यासाठी खिशात वेगळी बांधून ठेवा, दादांच्या रुमालातल्या त्या हाली नाण्यांसारखी. फरक एवढाच, की ही टाळी मनमाडच्या पुढेही चालते.