सत्ता हाती आल्यावर

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला किल्ला आठवतो, तानसेन आठवतो, फार तर झाशीच्या राणीचे १८५८ मधले बलिदान. मला मात्र शिंदे घराण्यातले लागोपाठचे दोन पुरुष आठवतात. घर एक, फौज एक, खजिनाही एकच. पण तो हाती आल्यावर दोघे दोन दिशांना गेले.

पहिले महादजी. राणोजींचे हे पुत्र औरस नव्हते. १७६१ मध्ये पानिपतावरून पळताना एका पठाणाने गाठून त्यांचा पाय कायमचा अधू केला आणि अंगावरचे दागिने, घोडी घेऊन तो निघून गेला. रस्त्याकडेला पडलेल्या या जखमी माणसाला राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेत आणून पोचविले. ही हकीकत ग्रँट डफनेही नोंदविली आहे. पुढे सरदारी मिळवायलाही महादजींना बरीच वर्षे पुण्याच्या राजकारणात झगडावे लागले.

मग दिवस पालटले. १७८२ चा सालबाईचा तह ग्वाल्हेरजवळच झाला आणि त्यात इंग्रजांना महादजींचे वजन मान्य करावे लागले. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाचा कारभार त्यांच्या हाती आला. एवढ्या उंचीवर चढलेल्या माणसाला पखालवाला आठवतो का? यांना आठवला. राणेखान सरदार झाला; महादजी त्याला भाई म्हणत आणि लोकही त्याला राणेखान भाईच म्हणू लागले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीवर चालून गेलेल्या फौजेचा तो एक प्रमुख होता.

महादजी संत होते असे मी म्हणत नाही. सापडलेल्या गुलाम कादिराची जी विटंबना झाली ती वाचवत नाही. पुण्यात पेशव्यांचे जोडे उचलण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग घडला, त्यात थोडे नाटक होतेच. पण राणेखानाच्या बाबतीत नाटक नव्हते. उपकार फेडला नसता तरी जाब विचारणारे कोण होते?

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजी वारले. दौलत आली ती भावाचा नातू दौलतराव याच्याकडे. मुलगा जेमतेम पंधरा वर्षांचा. त्याने कष्टाने काहीच मिळविले नव्हते, हे खरे. पण तेवढ्याने सगळे माफ होत नाही. सर्जेराव घाटग्यांची मुलगी बायजाबाई त्याने १७९८ मध्ये केली आणि सासऱ्याला दिवाणगिरी दिली. फौजेचा थकलेला पगार भागविण्यासाठी सर्जेरावाने पुणेकरांकडून छळ करकरून पैसा उकळला. जावई गप्प राहिला.

त्याहून वाईट गोष्ट घरातच घडली. महादजींच्या विधवांनी ठरलेली नेमणूक मागितली. नात्याने या त्याच्या आज्या. त्यांच्यावर सर्जेरावाचे लोक धाडले गेले, कोरड्यांचे फटके बसले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेसाठी त्यांची रवानगी झाली. वाटेत मुजफ्फरखान नावाच्या पठाण सरदाराने पहाऱ्यावर छापा घालून त्यांना सोडविले. नवऱ्याला राणेखानाने वाचविले होते, बायकांना मुजफ्फरखानाने. आणि घरचा माणूस मात्र छळणारा निघाला! आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांनी ही जोडी मुलांना जरूर सांगावी.

बायांचा पक्ष घेऊन महादजींचे कित्येक जुने लोक फुटले आणि घरातल्या घरात लढाई जुंपली. असईला आणि लासवारीला १८०३ मध्ये इंग्रजांनी पराभव केला, त्याला कारणे अनेक. पण फौजेतला जुना जिव्हाळा त्याआधीच गेला होता. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली आणि आग्रा हातून गेले.

१८१० मध्ये दौलतरावाने किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ तिथेच शहर होऊन बसला. आजही ग्वाल्हेरची मराठी माणसे त्या भागाला लष्कर म्हणतात. महादजींची छत्री मात्र पुण्यात, वानवडीला आहे.